सरकारी संकेतस्थळाचा उंबरठा

बँकेत खाते उघडावयाचे, तर समोरचा ग्राहक जिवंत माणूस आहे याची खात्री आता यंत्राला पटवून द्यावी लागते. त्यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करावयाची असते. अॅसिडच्या हल्ल्यात जिचे डोळे आणि पापण्या जळाल्या, त्या स्त्रीने ही उघडझाप कशी करावी, हा प्रश्न ही पद्धत ठरविणाऱ्यांपैकी कोणालाही पडला नव्हता. तो अखेर सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला. अशा हल्ल्यांतून वाचलेल्या व्यक्तींच्या आणि एका पूर्णतः अंध नागरिकाच्या याचिकांवर न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने वीस निर्देश दिले.

निकालाचे स्वागत झाले. मात्र त्याचा खरा रोख कोठे आहे, याची चर्चा फारशी झाली नाही. तो केवळ बँकांपुरता नाही. गेल्या वीस वर्षांत शासनाने आपला कारभार खिडकीवरून पडद्यावर नेला. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, भरतीची जाहिरात, परीक्षेचे प्रवेशपत्र, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला, यांपैकी काहीही मिळवावयाचे असल्यास पहिली पायरी संकेतस्थळाचीच असते. जुन्या कचेरीविषयी कोणी हळवे होण्याचे कारण नाही. तेथे हेलपाटे होते, ताटकळणे होते, चिरीमिरीही होती. पण खिडकीपलीकडे माणूस होता. अंध अर्जदार समोर आला तर तो कुरकुरत का होईना, अर्जातील रकाने वाचून दाखवीत असे. संकेतस्थळ कुरकुरत नाही आणि वाचूनही दाखवीत नाही. शासनाने खिडकी बंद करून दुसरा दरवाजा उघडला असेल, तर त्या दरवाजाचा उंबरठा सर्वांना ओलांडता येईल एवढ्या उंचीचा ठेवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. यात दयेचा संबंध येत नाही.

या स्थितीतील विसंगती एका गोष्टीवरून स्पष्ट होते. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या संकेतस्थळामार्फतच देणे बंधनकारक झाले. म्हणजे आपण अंध आहोत हे शासनाला पटविण्यासाठीसुद्धा अंध माणसाला आधी पडद्याशी झुंजावे लागते.

ही झुंज कशी असते, याची कल्पना डोळसांना सहसा नसते. अंध व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या आज्ञावलीच्या मदतीने. पडद्यावरील मजकूर ती मोठ्याने वाचून दाखविते किंवा बोटांखालच्या ब्रेल पट्टीवर उमटविते. हे तंत्र महाग आहे, हा समजही जुना झाला. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये एका अंध तरुणाने सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. अंध माणूस माउस वापरत नाही. कळफलकावरील एक कळ दाबत तो एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो, शीर्षकांवरून उड्या मारीत पान धुंडाळतो. मात्र त्यासाठी पान रचणाऱ्याने प्रत्येक रकान्याला यंत्राला कळेल असे नाव दिलेले असावे लागते, प्रत्येक चित्राला दोन शब्दांचे वर्णन जोडलेले असावे लागते, शीर्षक केवळ ठळक ठशात न ठेवता ते शीर्षक आहे हे यंत्राला सांगितलेले असावे लागते. ते नसेल तर आवाज एवढेच सांगतो, “बटण. बटण. चित्र. रिकामी चौकट.” बावीस रिकाम्या चौकटींपैकी वडिलांचे नाव कोणत्या चौकटीत लिहावयाचे आणि पिनकोड कोणत्या, हे त्याने तर्काने ओळखावयाचे. तेवढ्यात ठराविक वेळ संपते, पान मिटते, आणि पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात करावी लागते. एवढे सारे पार पडले तरी शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची परीक्षा असतेच. आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्याची ती पद्धत आहे. जी अक्षरे डोळ्यांनी पाहावयाची, ती ज्याला दिसत नाहीत तो या परीक्षेपुरता माणूस ठरत नाही.

हे वर्णन काल्पनिक नाही. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाची दुसरी लाट भर जोरात असताना, अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस मिळण्याचा मार्ग ‘कोविन’ या संकेतस्थळावरील नोंदणीतून जात होता. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात या संकेतस्थळाचे दोष एकेक करून नोंदविले. ऐकून ओळखता येईल अशी अक्षरपरीक्षा नाही. वय, लसीचे नाव, मोफत की सशुल्क हे निवडण्याची सोय अंधांना वापरता येत नाही. किती जागा शिल्लक आहेत हे कळते, पण त्या जागांचा तपशील कळत नाही. कळफलकाने पानावर फिरता येत नाही. वेळ पुरत नाही. रंगांतील फरक पुरेसा नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला महामारीच्या धामधुमीत रकाने आणि बटणे मोजीत बसावे लागले. हे काम वास्तविक एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी दुपारभरात करावयाचे होते.

तथापि सारा दोष अभियंत्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पान कितीही उत्तम रचले तरी त्यावर जे चढविले जाते ते कचेरीतूनच येते, आणि खरी गोम तेथे आहे. जिल्ह्याच्या एखाद्या कार्यालयात बदल्यांची, शिष्यवृत्तीची किंवा परीक्षेच्या तारखांची सूचना काढावयाची असते. लिपिक ती संगणकावर टंकित करतो. त्या क्षणी ती अंध माणसाला वाचता येईल अशीच असते; तिचे प्रत्येक अक्षर यंत्राला ओळखीचे असते. मग तिची प्रत छापली जाते. ती फाइलीतून वर जाते, साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो. त्यानंतर तोच कागद स्कॅनरखाली ठेवून त्याचे छायाचित्र काढले जाते आणि ते छायाचित्र संकेतस्थळावर चढविले जाते. जो मजकूर होता त्याचे चित्र झाले. स्क्रीन रीडर त्या पानावर पोहोचतो आणि गप्प बसतो, कारण त्याच्या लेखी तेथे एक अक्षरही नाही. कोणाच्या मनात कोणाला वगळावयाचे नव्हते. लिपिकाने नेहमीप्रमाणे काम केले, साहेबांनी नेहमीप्रमाणे सही केली, आणि एवढ्या सचोटीच्या परिश्रमांतून एक वाचता येणारा कागद न वाचता येण्याजोगा झाला.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी जे मराठी फाँट कचेऱ्यांत आले, त्यांतील अक्षर डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात ते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह असते. डोळस माणूस ‘शिष्यवृत्ती’ वाचतो. यंत्र मात्र विरामचिन्हांची आणि इंग्रजी अक्षरांची अर्थशून्य खिचडी उच्चारते. अशा कागदांचे ढीग आजही सरकारी संकेतस्थळांवर आहेत. यात नुकसान केवळ अंधांचे होते असेही नाही. यंत्राला जे वाचता येत नाही ते त्याला शोधताही येत नाही. एखादे जुने परिपत्रक हुडकताना ज्या शिक्षकांच्या आणि लिपिकांच्या दुपारी वाया गेल्या आहेत, त्यांना याचा अनुभव असेलच.

सही आणि शिक्का आवश्यक आहे, कागदाला अधिकृतपणा त्यानेच येतो, हा यावरचा ठरलेला बचाव आहे. परंतु डिजिटल स्वाक्षरीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली, त्याला आता पाव शतक उलटले. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या अखेरीस संकेतांक दिलेला असतो आणि आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याची ओळही असते. सहीसाठी कागद स्कॅनरखाली घालण्याची गरज मंत्रालयाला उरलेली नाही. ती खालच्या कार्यालयांना मात्र का वाटावी, याचे तांत्रिक कारण काहीच नाही. कारण सवयीचे आहे.

कायदा नाही, असे तर मुळीच नाही. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच वर्षीच्या अपंगविषयक कायद्यात संकेतस्थळांचा विचार नसणे स्वाभाविक होते. परंतु केंद्र सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच जारी केली, आणि ती सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेतही समाविष्ट झाली. पुढे २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारच्या अपंगत्वांची संख्या एकवीस झाली. सरकारी असो वा खाजगी, सेवा देणाऱ्या प्रत्येकाने नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा सर्वांना वापरता येईल अशी करावी, असे त्या कायद्याच्या ४६ व्या कलमाने सांगितले. नियम १५ जून २०१७ रोजी जाहीर झाले. संकेतस्थळावर ठेवावयाचा दस्तऐवज यंत्राला वाचता येईल अशाच स्वरूपात असावा, हेदेखील त्या नियमांत स्पष्टपणे होते. म्हणजे स्कॅन केलेल्या चित्राची मुदत २०१९ च्या जूनमध्येच संपली होती. ती संपल्याची वार्ता स्कॅनरपर्यंत मात्र पोहोचली नाही.

ती का पोहोचली नाही, याचे उत्तर राजीव रतुरी यांच्या खटल्यात मिळते. स्वतः दृष्टिहीन असलेल्या रतुरी यांनी २००५ मध्ये याचिका केली होती. तिच्यातील एक महत्त्वाचा निकाल आला ८ नोव्हेंबर २०२४ रोजी. कायदा ‘केलेच पाहिजे’ असे म्हणतो आणि त्याखालचा नियम ‘केल्यास बरे’ अशा थाटाच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवितो, ही विसंगती सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने उघड केली. १५ व्या नियमातील संबंधित भाग कायद्याशी विसंगत ठरवून, ज्यांबाबत तडजोड होणार नाही असे किमान निकष तीन महिन्यांत वेगळे काढण्याचा आदेश केंद्राला दिला. मार्गदर्शक तत्त्वे हा आपल्या प्रशासनाचा आवडता साहित्यप्रकार आहे. ती लिहिली जातात, त्यांचे प्रकाशन होते, त्यांची सुधारित आवृत्ती निघते. ती न पाळल्याबद्दल कोणाची वेतनवाढ रोखली गेल्याचे ऐकिवात नाही.

याउलट शब्द बदलण्यात आपण तत्पर आहोत. २०१५ च्या अखेरीस ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे अशी सूचना पंतप्रधानांनी केली आणि अल्पावधीत पाट्या, शिक्के, पत्रशीर्षे बदलली. त्या शब्दाविषयी अपंगांच्या चळवळीतच दुमत आहे, तो वाद येथे नको. पण पाटी बदलण्यास जेवढा उत्साह लागला त्याच्या दशांशाने रकान्यांना नावे देता आली असती. बऱ्याच सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षर लहानमोठे करण्याची आणि रंग उलटे करण्याची बटणे ऐटीत बसविलेली असतात. क्षीण दृष्टीच्या माणसाला त्यांचा थोडाफार उपयोग होईलही. जो पडदा पाहतच नाही त्याला अक्षर मोठे करून काय मिळणार? खाली अर्ज तसाच बिननावाच्या चौकटींचा. देवळाला नवा कळस चढवावा आणि गाभाऱ्याला कुलूप असावे, तशातला हा प्रकार आहे.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. अशी माणसे आहेत किती, हा पहिला. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती, त्यांतील सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. पाहण्याचे अपंगत्व असलेले ५० लाखांवर आणि ऐकण्याचे असलेलेही ५० लाखांवर होते. ही मोजणी एकवीस प्रकार कायद्यात येण्यापूर्वीची आहे. शिवाय वयाची सत्तरी गाठलेला, हात थरथरणारा, बारीक अक्षर न दिसणारा निवृत्त शिक्षक स्वतःला अपंग म्हणवीत नाही. त्याची गणती त्या आकड्यात नाही, पण अडचण तीच आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो आपल्याच देशात घेतला जातो असे नाही. सिडनी ऑलिंपिकच्या संयोजन समितीचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मग्वायर या जन्मांध ऑस्ट्रेलियन नागरिकाने १९९९ मध्ये तेथील मानवी हक्क आयोगाकडे केली होती. मागणी साधी होती. चित्रांना वर्णने द्या, खेळांच्या यादीपर्यंत पोहोचू द्या, निकालांचे तक्ते वाचता येऊ द्या. समितीने उत्तर दिले, की या कामाला एका माणसाचे वर्षाहून अधिक दिवस आणि बावीस लाख डॉलर लागतील. मग्वायर यांच्या बाजूच्या तज्ज्ञांनी साक्ष दिली, की काम त्याच्या अल्पांशात होण्यासारखे आहे. २४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने समितीविरुद्ध निर्णय दिला आणि स्पर्धा सुरू होण्याच्या दिवसापर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, दुरुस्ती करण्यास सांगितले. समितीने ती अर्धवटच केली आणि पुढे वीस हजार डॉलरची भरपाई तिला द्यावी लागली. संकेतस्थळ उभारतानाच वर्णने लिहिली असती तर हा वादच उद्भवला नसता. इमारत पुरी झाल्यावर जिना फोडून उतरंड बांधणे महाग पडते. नकाशातच ती काढली असती तर तिचा खर्च वेगळा दिसलाही नसता.

आणखी एक युक्तिवाद आक्षेप म्हणून मांडला जात नाही, पण मनात असतो. घरात कोणीतरी असतेच की, गल्लीत सेवा केंद्र आहे, मुलगा-सून अर्ज भरून देतील. हा सर्वांत घातक आहे, कारण तो प्रेमाचे रूप घेऊन येतो. अर्ज भरून देणाऱ्याला आधार क्रमांक, बँकखाते, परवलीचा शब्द आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सांगावा लागतो. घरच्याविरुद्धच तक्रार करावयाची असेल तर कोणाकडून लिहवून घ्यावयाची? अंध प्राध्यापकाने आपल्या वेतनाचा तपशील केंद्रावरील अनोळखी तरुणास का दाखवावा? मतदानाच्या वेळी हा विचार आपण केला आहे. मतदान यंत्रावर ब्रेल खुणा असतात. अंध मतदाराने आपले मत आपल्या बोटाने द्यावे, हे आपल्याला पटलेले आहे. पाच वर्षांतून एकदा जी स्वायत्तता मान्य केली, ती महिन्याच्या अर्जाला नाकारण्याचे समर्थन कशाने होणार?

संकेतस्थळे बनविण्याचे काम बहुधा कंत्राटाने दिले जाते. रस्त्याच्या ठेकेदाराचे देयक मोजमाप पुस्तिका भरल्याशिवाय निघत नाही. संकेतस्थळाच्या ठेकेदाराचे अंतिम देयक अंध, कर्णबधिर आणि हातांनी अपंग अशा काही वापरकर्त्यांनी प्रत्यक्ष अर्ज भरून पाहिल्याखेरीज निघू नये. सेवा सुरू करण्यापूर्वीच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्या, हे २०२५ च्या निकालातही सांगितले आहे. परीक्षकांचे प्रमाणपत्र यास पर्याय होऊ शकत नाही, कारण प्रमाणपत्र एका दिवसाचे असते आणि संकेतस्थळावर कागद रोज चढतात. ब्रिटनने २०१८ च्या नियमांनी सार्वजनिक संस्थांवर एक बंधन घातले: आपल्या संकेतस्थळाचा कोणता भाग अपंगांना वापरता येत नाही हे त्याच संकेतस्थळावर लिहावयाचे, आणि तक्रार कोणाकडे करावयाची हेही सांगावयाचे. स्वतःचे न्यून स्वतःच्या दारावर लावण्याची सवय आपल्या कार्यालयांना नाही. पण तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि उत्तराची मुदत तेवढी छापली गेली तरी बराच फरक पडेल.

आणि लिपिकाचे काय? लिपिक-टंकलेखक होण्यासाठी मिनिटाला तीस मराठी शब्दांचा वेग दाखवावा लागतो, संगणकज्ञानासाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. वेग मोजला जातो. टंकित केलेला कागद दुसऱ्या यंत्राला वाचता येतो की नाही, हे मोजले जात नाही. शीर्षकाला शीर्षकाचे स्वरूप देणे, युनिकोडमध्येच टंकणे, तक्त्याच्या पहिल्या ओळीला नावे देणे, चित्राखाली दोन शब्द लिहिणे आणि कागद स्कॅनरखाली न घालता मूळ फाइलच पीडीएफ करून चढविणे, एवढा अभ्यास दोन दिवसांचा आहे. तो सेवाप्रवेशोत्तर प्रशिक्षणात घालण्यास नवा कायदा लागत नाही, न्यायालयाचा आदेशही लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाचे एक परिपत्रक पुरेल. ते परिपत्रक मात्र स्कॅन करून पाठवू नये.